४२९४९६७२९७ या संख्येत एवढं खास काय आहे?

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, आणि तिने फर्मासारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाला चुकवलं. २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात अधिक १, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७, या सगळ्या मूळ संख्या आहेत हे बघून त्याला वाटलं की पुढची हीपण मूळच असणार, आणि मग १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो, उत्तर येतं ६७००४१७ आणि तीही मूळ संख्या. ऑयलरच्या पद्धतीतली आयडिया अशी की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो, म्हणजे आधी फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ तपासायचे की लगेच ६४१ येतो, कॉम्प्युटर नकोच.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: ६४१ = ५×१२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ६४१ ने भागलं तर ५×२⁷ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), चौथा घात घ्या, ५⁴×२²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ चालतं, ते टाकलं की −२³² ची बाकी १, झालं, २³² + १ ला ६४१ ने भाग गेलाच, भागाकार करायची गरजच नाही!

अजून एक, ही दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते, ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९², मूळ संख्येला हे जमतच नाही. आणि ६५५३७ नंतर या प्रकारातली एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही.