'रुरौनी केनशिन' ही जपानी ॲनिमे मालिका इतकी हलकीफुलकी, मग तिचा प्रीक्वेल 'त्सुइओकुहेन' इतका काळाकुट्ट का? आणि तो आधी बघावा की नंतर?

नंतर बघा. मालिका पूर्ण संपवलीच पाहिजे असं नाही, पण शिशिओ या खलनायकाचं प्रकरण मिटेपर्यंत, म्हणजे ६२व्या भागापर्यंत तरी या. पुढचे भाग मूळ मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, नसलेल्या गोष्टींनी भरलेत, ते राहिले तरी चालतील.

काळाकुट्ट का, याचं एक उत्तर व्यावहारिक आहे. मालिका १९९६ ते १९९८ फुजी टीव्हीवर, पोरंबाळंही बघणार हे धरून चालली. 'त्सुइओकुहेन' १९९९मध्ये थेट व्हिडिओवर आला. चार भाग, जे नंतर जोडून सलग चित्रपटही केला. त्यामुळे रक्त किती दाखवायचं, पात्रांनी किती वेळ गप्प बसायचं, यावर चॅनेलचा धाक नव्हता. गंमत म्हणजे माणसं बरीचशी तीच! दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी दोन्हीकडे, केनशिनचा आवाजही मायो सुझुकाझे यांचाच. मालिकेत गोंधळला की 'ओरो?' करत धडपडणारा तो गोड आवाज इथे एका पोरगेल्या मारेकऱ्याच्या तोंडी येतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

पण मला खरं कारण कथेतच दिसतं. मालिका १८७८च्या तोक्योत घडते. लढाया संपून दहा वर्षं होत आली आहेत आणि केनशिन कपडे धुतोय, ज्या काओरूकडे तो राहतो तिचा बिघडलेला स्वयंपाक मुकाट गिळतोय, उलट्या धारेची तलवार घेऊन कोणालाही न मारता फिरतोय. प्रीक्वेल आहे १८६४च्या क्योतोत. शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची, राजवट डळमळलेली, आणि जेमतेम पंधरा वर्षांचा हा पोरगा शोगुनविरोधी चोशू प्रांताच्या कात्सुरा कोगोरो या नेत्यासाठी रात्री माणसं कापतोय. इकेदाया या सराईवरचा शिन्सेनगुमी या शोगुनच्या पोलीसदलाचा छापा, नंतर क्योतोत लागलेली आग, हे सगळं खऱ्या इतिहासातलं आहे. अशा पोराला विनोद सुचणार कुठून? मालिकेतला बावळटपणा त्याने नंतर, जाणूनबुजून कमावलाय, असं माझं मत. म्हणून तर आधी मालिका बघा म्हणतोय.

सुरुवातीचाच एक प्रसंग सांगतो, यात रहस्यभेद नाही. डाकूंनी गुलामांचा तांडा कापून काढलाय. हिको सेइजुरो हा तलवारबाज ऐनवेळी येतो, त्यामुळे एक लहान मुलगा वाचतो. नंतर हिको परत येऊन बघतो तर या एवढ्याशा पोराने एकट्याने सगळ्यांना पुरलंय. सगळ्यांना म्हणजे डाकूंनासुद्धा. ज्या बायका त्याला वाचवताना मेल्या, त्यांच्यासाठी बरे दगड शोधायला गेला होता, पण तेवढेच मिळाले. हिको त्या दगडांवर साके ओततो आणि पोराचं नाव बदलून केनशिन ठेवतो. केनशिनच्या आयुष्यात तोमोए ही बाई नंतर येते, पण मला विचाराल तर पुढची सगळी शोकांतिका इथेच पेरलेली आहे.

तोमोएबद्दल मुद्दाम काही सांगत नाही. केनशिनच्या गालावरच्या फुलीसारख्या व्रणाच्या दोन रेघा एकाच वेळी पडलेल्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा. ओत्सूच्या खेड्यात केनशिन आणि तोमोए नवरा-बायको म्हणून राहतात तो भाग संथ आहे, तिथे मोबाईल हातात घेऊ नका.

जपानी आवाजातच बघा, सबटायटल लावून. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर. आणि हा संपला की त्याच भरात 'सेइसोहेन' लावू नका. २००१मध्ये सुरू झालेला तो दोन भागांचा शेवट बघून अनेक चाहते वैतागले, त्यात मीही आहे. त्यापेक्षा मालिकेचा पहिला भाग पुन्हा लावा, 'ओरो' वेगळंच ऐकू येईल.