फूड लायसन काढलं की टॅक्सवाले मागं लागतेत का?

पोळा झाल्यावरची गोष्ट. उदगीर तालुक्यातली एक ताई आणि तिचा नवरा माझ्याकडं आले होते (नाव-गाव लिहीत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितेय). ताईनं पिशवीतून येसरचं (आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) पाकीट काढून टेबलावर ठेवलं. साधी प्लास्टिकची पिशवी, मेणबत्तीवर तोंड चिकटवलेली, आत वहीचा कागद आणि त्याच्यावर बॉलपेननं 'घरगुती येसर' एवढंच. उघडलं तर भाजलेल्या धन्या-जिऱ्याचा वास अख्ख्या खोलीत.

"माल खपायलाय मॅडम, पण दुकानदार म्हणतोय पाकिटावर फूडचा नंबर टाका नाहीतर ठेवत नाही. आणि हे म्हणतेत नंबर काढला की आपण नजरेत आलो, मग टॅक्स, मग साहेब लोक घरी." नवरा खाली बघूनच बोलला, "उगं कशाला झंजट, चाललंय ते गपचूप चालू द्यावं की."

हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो, आणि मी कुणाला वेड्यात काढत नाही, कारण ज्या घरानं पीकविम्याच्या आणि कर्जमाफीच्या कागदासाठी हेलपाटे घातलेत त्या घराला सरकारी कागद म्हणलं की पोटात गोळा येणारच. म्हणून आधी विचारलं, महिन्याला विकता किती? पंधरा-सोळा हजाराचा माल, दिवाळीला जास्त. म्हणजे वर्षाला दोन-अडीच लाख.

मग एकेक सुटं करून सांगितलं. फूडचा नंबर म्हणजे एफएसएसएआयची (खाण्याच्या मालावर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) नोंदणी, तो टॅक्स नाही, खाण्याचा माल कोण बनवतंय त्याची नोंद आहे ती. तेव्हा वर्षाची विक्री बारा लाखाच्या आत असणाऱ्याला मोठं लायसन लागत नव्हतं, साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये फी, फॉस्कोस ह्या त्यांच्याच साइटवर फोटो, ओळखपत्र आणि पत्ता देऊन व्हायची. त्यांनी पाच वर्षांचे ५०० एकदम भरले. तपासणीला माणूस येऊ शकतो, हे मी लपवलं नाही. येऊ दे, पाणी, झाकण, उंदीर-झुरळ एवढं नीट असलं की झालं. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) २०२० पासून आहे आणि ती फुकट आहे, एक रुपया लागत नाही. ह्यांच्याकडून एका एजंटानं त्याच्यासाठी अडीच हजार मागितले होते, ऐकून मला खरंच राग आला. दोघी-तिघींच्या धंद्याला शॉप ॲक्टचंही लायसन नसतं, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. इन्कम टॅक्स विक्रीवर नसतो, खर्च जाऊन जे उरतं त्याच्यावर बघतात, आणि ह्यांचं उरलेलं त्या मर्यादेच्या आसपाससुद्धा नव्हतं. जीएसटी आपल्या राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखापर्यंत लागत नाही.

इथं नवरा जरा सैल झाला आणि म्हणाला, मग बिदरला पण द्यायला हरकत नाही ना, तिथला एक दुकानदार दिवाळीला शंभर पाकिटं मागायलाय.

मी म्हणलं थांबा दादा, भ्यायचं ते इथं. उदगीरहून बिदर म्हणजे आपल्याला शेजारचं गाव, लग्नं तिकडं, बाजार तिकडं, पण ते कर्नाटक. दुसऱ्या राज्यात व्यापारासाठी माल विकला की विक्री कितीका कमी असेना, जीएसटी नंबर आधी घ्यावा लागतो, ४० लाखाची सूट तिथं चालत नाही. आपल्या सीमेवरच्या पट्ट्यात हे कुणी सांगतच नाही. शंभर रुपयाच्या नोंदणीला घाबरत होते आणि बिदरला मात्र बिनधास्त निघाले होते.

मग वही काढली, कारण माझं मन त्या पाकिटाच्या भावात अडकलं होतं. पाच किलोचा घाणा. गहू, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे, मिरची असा सगळा माल ८०० चा, गॅस ९०, गिरणी ६०, पाव किलोची वीस पाकिटं आणि स्टिकर ८०. झाले १०३०. विकत होत्या ५५ ला एक, म्हणजे ११००. उरले ७० रुपये, आणि भाजायला ताई आणि सासू दोघी दीड दिवस चुलीपुढं. ताई त्या ७० कडं बघत बसली, काही बोलली नाही. सासूबाईचे हात भाजतात, एवढंच म्हणाली थोड्या वेळानं. भाव ८० केला, तर घाण्याला ५७० उरतात. दुकानदाराचं कमिशन वेगळं बोलायचं. ८० नं गिऱ्हाईक तुटेल म्हणून नवरा अडून बसला, मी म्हणलं महिनाभर करून तरी बघा.

लेबलवर काय पाहिजे तेही लिहून दिलं: नाव, कशाकशाचं बनलंय, हिरवा ठिपका, वजन, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, एमआरपी, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि फूड नोंदणीचा तो चौदा आकडी नंबर. वजन स्वयंपाकघरातल्या चायना काट्यावर करायचं नाही, वैधमापनचा (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का असलेला काटा पाहिजे.

घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. अर्ज कुणाच्या नावानं? नवरा सहज म्हणाला माझ्या टाका. मी विचारलं भाजतं कोण? तो हसला, बरं हिच्या टाका म्हणला. पण उद्यमला आधारचा ओटीपी लागतो, आणि ताईच्या आधारला मोबाइल नवऱ्याचा. पैसे घ्यायचा क्यूआर कोडपण नवऱ्याचाच, त्यामुळं येसरचे पैसे सोयाबीनच्या फवारणीत कधी जायचे ते कळायचंच नाही. माझ्या अनुभवात बायकांचे घरचे धंदे लायसनपेक्षा ह्या एका नंबरापायी जास्त अडतात. म्हणून पहिलं काम आधार केंद्रावर जाऊन ताईचा स्वतःचा नंबर जोडायचा, दुसरं तिच्या नावाचं वेगळं खातं, आणि बाकीचे अर्ज त्याच्यानंतर.

नवरात्रात फोन आला, अनोळखी नंबर. "मॅडम, मी बोलतेय, हा माझा नंबर सेव्ह करा. बिदरवाल्याला सध्या नाही म्हणलं. आणि ८० नं पण चालू आहे, दोघं-तिघंच तुटले."