ब्रोमेलियाडला पाणी कुठे घालायचं, खत किती?

प्रश्न: पूर्वेच्या गॅलरीत गुझमानिया आहे. माती कधी सुकू देत नाही, तरी पानांची टोकं करपतात आणि मधल्या खळग्यात पांढरा थर बसतो. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. काय चुकतंय? – एक वाचक, बावधन

उत्तर: करपलेली टोकं आणि पांढरा थर, दोन्ही त्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे. गुझमानिया ही ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली, मूळची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. तिची मुळं मुख्यतः धरून ठेवण्यापुरती असतात. पाणी आणि अन्न ती जास्त करून पानांच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म खवल्यांमधून घेते. पेल्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खळग्यात, क्षारांचं पाणी साचून आटत राहिलं की क्षार मागे उरतात आणि खवले बुजतात. आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं टाकाऊ पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. जून ते सप्टेंबर पिंपात भरून घट्ट झाकून ठेवा. ते संपलं की नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून सकाळी वापरा. फिल्टरचं शुद्ध पाणी मिळत असेल, तर आठवड्यातून एकदा तेवढं पेल्यात घातलं तरी पुष्कळ.

पेल्यात इंचभर पाणी पुरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते दोन-तीन दिवसांनी तपासा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास आला की पेला जवळजवळ रिकामाच ठेवा. थंडीत साचलेल्या पाण्याने गाभा कुजतो. मधलं पान हलकेच ओढलं की सुटून आलं, बुडाशी तपकिरी झालं असलं आणि वास येत असला, तर कूज लागली आहे.

आणि ‘माती’ म्हणता, ती काळी माती असेल तर आधी कुंडी बदला. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोळशाचे तुकडे एक भाग, कोकोपीट एक भाग. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. हे मिश्रण वरून बोटाला कोरडं लागलं की मगच भिजवायचं. सतत ओलं राहिलं तर मुळं सडतात आणि झाड कुंडीत डुगडुगू लागतं.

प्रश्न: डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना आमच्या ब्रोमेलियाडच्या पाण्यात अळ्या सापडल्या. झाडं काढून टाकायची का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: काढू नका, पण हे गांभीर्याने घ्याच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटवून अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून दिल्याने काम होत नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. दर चार-पाच दिवसांनी कुंडी तिरकी करून पाइपच्या जोरदार धारेने पेला आणि पानांच्या बेचक्या धुवा. मग ताजं पाणी घाला. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा पेला रिकामा ठेवून फक्त कुंडीतलं मिश्रण ओलसर राखलं तरी झाड नीट राहतं. एवढ्यावर भागत नसेल तर बीटीआय हे जिवाणूंचं अळीनाशक पाकिटावरच्या मात्रेत वापरता येतं. रॉकेल किंवा तेल टाकलंत तर पानांवरचे खवले झाकले जाऊन झाड मरेल. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड ही तांब्याची बुरशीनाशकंही या झाडांवर नकोत, तांबं त्यांना विषासारखं आहे. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणीही टाळा.

प्रश्न: निओरेजेलियाचा लाल रंग गेला, पानं हिरवी आणि लांबुडकी झाली. दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी घालतो. – एक वाचक, कोथरूड

उत्तर: ते बंद करा. नायट्रोजन जास्त झाला की निओरेजेलिया रंग सोडते आणि पानं सैल, पट्ट्यासारखी वाढतात. शिवाय शेणाचं पाणी पेल्यात पडलं तर तिथे शेवाळ धरून कूज लागते. निओरेजेलियाला वर्षभर खत नाही दिलं तरी चालतं. गुझमानिया, व्रिसिया, एकमिया ही ब्रोमेलियाड मात्र थोडं मागतात. त्यांना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे विद्राव्य खत पाव चमचा, दोन लिटर पाण्यात मिसळून, मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा द्या. आधी साध्या पाण्याने मिश्रण भिजवून घ्या, आणि खताचं पाणी पेल्यात न ओतता मिश्रणात द्या. थंडीत खत नको.

रंगासाठी उजेड वाढवा, पण एकदम उन्हात नेऊ नका, पानांवर पांढुरके चट्टे पडतात. ५० टक्के शेडनेटखाली सकाळचं ऊन येईल अशी जागा द्या आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवत न्या. आत्ताची लांब पानं आखूड होणार नाहीत. गाभ्यातून येणारी नवी पानं पाहा, रंग आधी तिथेच दिसेल.

प्रश्न: एकमियाचा फुलोरा वाळला, आता झाडही सुकत चाललंय. खत वाढवू का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: नको. हे झाड एकदाच फुलतं आणि मग सावकाश संपतं. बुडाशी पिल्लं येतात. ती आईच्या निम्मी झाली की धारदार सुरीने बुडापासून कापा, काप दिवसभर सुकू द्या आणि लहान कुंडीत लावा. तोवर आईला पाणी देत राहा, पिल्लं तिच्याच जिवावर वाढतात.