लायब्ररीत पहिलं वर्ष

लॉ कॉलेजला लागलास, बरं झालं की. आता लगेच गाईडं घेत सुटू नको. लायब्ररीत नवीन आलेल्या पुस्तकांची, जर्नलांची यादी बघत जा. त्यात कधी आपल्याच सरांचा लेख असतो आणि आपल्याला पत्ता नसतो! लेख घेतलास की आधी तळटिपा वाच. कुठला निकाल कुठे सापडतो, ते तिथंच कळतं.

‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे केशवानंद भारती, राज्यघटनेच्या मूळ चौकटीचा तो गाजलेला खटला. एआयआर म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, निकाल छापणारं नियतकालिक; एससी म्हणजे सुप्रीम कोर्ट. वर्ष, कोर्ट, मग पान. मी १४६१ हा खटल्याचा नंबर समजून दोन दिवस कपाटं उपसली. शेवटी शिपाईमामांनी पान काढून दिलं.

मुंबई हायकोर्टाच्या निकालांचे जुने खंड धूळ खात असतात, त्यांना नाकं मुरडू नको. ऑक्टोबर १९५६ संपेपर्यंत आपलं बेळगाव मुंबई राज्यातच होतं. जमिनीच्या, वाटणीच्या दाव्यांत ते निकाल अजून निघतात.

आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, जुनं पुस्तकही रद्दीत घालू नको. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, पण आधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं.

आणि कन्नड वाचायला शीक. इथल्या तालुका कोर्टातले कागद त्यातच असतात.