वहीतला आकडा खोडू नका

ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. ऑनलाइन सायन्स किटची जाहिरात बघून मागे लागलीय, अडीच हजारांचं आहे, मायक्रोस्कोप, टेस्ट ट्यूब वगैरे सगळं येतं. घेऊ का?
– एक आई, सांगली

नका घेऊ, निदान या वर्षी तरी. किटमध्ये काय होतं, पोरं पुस्तिका बघून स्टेप एक, स्टेप दोन करतात, पाण्याचा रंग बदलतो, टाळ्या होतात आणि खोकं माळ्यावर जातं. तिसरीला पुरतं ते एवढंच: एक बरं भिंग, पट्टी, शिंप्याची टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेलं झाकण येतं ते, आणि एक वही. किचनमध्ये वजनकाटा असेल तर बोनस.

पण हे नीट वापरायला मात्र शिकवावं लागतं हं. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य कडेला नसतोच, थोडी जागा सोडून असतो आणि मुलं कडेपासून मोजतात. झाकणातलं पाणी वरून वाकून बघायचं नाही, झाकण टेबलावर ठेवून डोळे खाली न्यायचे. भिंग तर सगळीच पोरं टीव्हीतल्या डिटेक्टिव्हसारखी हात लांब करून धरतात, ते डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू हळूहळू जवळ आणायची, मग बघा कसं दिसतं. (भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे रोज सांगा, कंटाळा आला तरी सांगा.) आधी तिला न बघता मुंगीचं चित्र काढायला लावा, मग एक मेलेली मुंगी भिंगाखाली द्या. बहुतेक मुलं पाय पोटाला चिकटवतात, खरे तर सहाच्या सहा पाय मधल्या भागातून निघतात. तिचं तिला दिसू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

मुलगा चौथीत. अंगणात काठी उभी करून सावली मोजायचा प्रोजेक्ट होता. त्याची सर्वात लहान सावली 12:40 ला आली. शाळेत म्हणाले बारालाच सर्वात लहान असते, खोडून 12 लिही. आम्हीही तेच शिकलो होतो. मुलगा रडवेला झालाय.
– एक बाबा, ठाणे

तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, त्याचं बरोबर आहे! आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते त्या रेषेवर. ठाणं आहे साधारण 73 अंशांवर. साडेनऊ अंशांचा फरक, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे झाली 38 मिनिटं. तिथे सूर्य माथ्याच्या रेषेत आला की आपल्याकडे यायला तेवढा वेळ लागणारच ना. वर्षभरात यात पंधराएक मिनिटं इकडे-तिकडे होतात, म्हणून नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत एकच आकडा येणार नाही. नागपूरच्या मावशीकडे कोणी भाऊ-बहीण असेल तर त्याच दिवशी त्यांनाही काठी लावायला सांगा, तिथे पंचवीसेक मिनिटं आधीच येईल.

खोडायचं नाहीच. शाळेत भांडायलाही जाऊ नका, तारीख, काठीची उंची आणि दर दहा मिनिटांची सावली असा तक्ता घेऊन जा, काठी सरळ होती का हे कसं तपासलं तेही लिहा (दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला की झालं). तक्ता समोर असला की कुणीही शिक्षक ऐकतो, असा माझा अनुभव आहे. आणि हो, मेच्या मध्यावर परत करा, तुमच्याकडे एक-दोन दिवस सावली जवळजवळ गायबच होते. जुलैअखेरही होते, पण तेव्हा ऊन कुठलं मिळायला!

आमच्या जि.प. शाळेत चौथीच्या मुलांनी मूग पेरले, एक वाटी खिडकीत, एक बंद कपाटात. कपाटातली रोपं जास्त उंच झाली! मी तर रोपाला सूर्यप्रकाश लागतोच असं शिकवलेलं. आता पोरांना काय सांगू?
– एक सर, यवतमाळ

सर, लगेच काहीच सांगू नका, किती भारी प्रश्न हाताला लागलाय! फक्त उंचीवर का थांबायचं? खोडाची जाडी, पानांचा रंग, पानं उघडलीत का मिटलीत, हे सगळं मोजून-बघून लिहू द्या. वहीच्या पानाचे दोन भाग करा, एकावर "दिसलं", दुसऱ्यावर "वाटलं". "पिवळं आहे" हे दिसलं. "आजारी आहे" हे वाटलं. पोरं पहिल्या दिवशी सगळी खिचडी करतात, आठवड्याभरात बरोबर वेगळं काढायला लागतात.

तुम्हाला म्हणून सांगते, अंधारात रोप बियांमधला साठा खर्चून भराभर उंच होतं, उजेड गाठायला, आणि हिरवा रंग तयार होत नाही म्हणून पिवळट, लुकडं राहतं. तसंच ठेवलं तर साठा संपून मरतं. मोड यायला मुगाला उजेड लागत नाही, आपण घरी फडक्यात बांधतोच की. आता अर्धी रोपं खिडकीत आणायची, पण आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या काय होईल त्याचा. दोन्हीकडे मूग दहा-दहा आणि पाणी मोजून तेवढंच, नाहीतर फरक उजेडाचा का पाण्याचा, हे कळणारच नाही.

तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात घालून प्रयोग केला तर चालेल का?
– पाचवीतली एक वाचक

अजिबात नाही गं! त्याच्या खुणा 42 अंशांपर्यंतच असतात, गरम पाण्यात काच फुटते, आणि जुना असेल तर पारा बाहेर येतो, तो विषारी असतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत लाल रेघेचा लांब थर्मामीटर मिळतो, 100 च्या वर खुणा असलेला, तो मागून घे, आणि गरम पाणी मोठ्यांनाच ओतू दे. आकडा मात्र थर्मामीटर पाण्यात असतानाच वाच, बाहेर काढलास की लगेच उतरायला लागतो.