पाढे न येणाऱ्या मुलाची गोष्ट

"माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. त्याला आम्ही हे अजून सांगितलेलं नाही. 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, त्याच्या बाईंनी मला वर्गात गोष्ट वाचायला बोलावलंय. आम्हाला भेट मिळालेलं एक पुस्तक आहे. त्यातल्या ऑटिस्टिक मुलाला सगळे चिडवतात. मग तो अवघड गणितं सोडवून वर्गाला स्पर्धा जिंकून देतो आणि सगळे त्याचे मित्र होतात. घरी वाचून दाखवलं तर हा म्हणाला, 'मला पाढे येत नाहीत. मग?' आणि हात हलवायचा थांबला. एरवी गोष्ट आवडली की दोन्ही हात फडफडवतो. हे पुस्तक वर्गात वाचू का?"
– एक आई

नका वाचू. तुमच्या लेकाने त्या पुस्तकाचं परीक्षण एका 'मग?'मध्ये उरकलंय.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्या गोष्टीतला व्यवहार बघा: आधी स्पर्धा जिंकून दे, मग मैत्री. वर्गातल्या बाकी कुणाला मैत्रीसाठी असली परीक्षा द्यावी लागत नाही. बहुतेक ऑटिस्टिक माणसांकडे अशी अचाट गणिती शक्ती नसतेही. गोष्टींमध्ये मात्र ती जवळपास सक्तीची झालीय.

तुमच्या पत्रात मला खरं टोचलं ते दुसरंच वाक्य. त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि वर्गाला सांगायला निघालात? मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन 'तू तसा आहेस ना, गोष्टीतल्यासारखा?' म्हणेल, तेव्हा त्याला ते पहिल्यांदा कळायला नको. आधी घरी बोला. समोर बसवून, गंभीर चेहऱ्याने नको. तो त्याच्या खेळात असताना, शेजारी बसून. 'काही जणांच्या मेंदूला आवाज, उजेड, माणसांचं बोलणं वेगळ्या तऱ्हेने जाणवतं. त्याला ऑटिझम म्हणतात. तुझा मेंदू तसा आहे.' एवढं पहिल्या दिवशी पुरे. 'स्वमग्न' हा शब्द मी वापरणार नाही. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून तो केला हे खरं. पण मराठीत तो ऐकला की वाटतं, पोराला आपल्याशी काही देणंघेणंच नाही. मग त्याला विचारा, वर्गात गोष्ट वाचू का? तो 'नको' म्हणाला तर नको. बाईंना तसं कळवा, कारण देत बसू नका.

'हो' म्हणाला तर दुसरं पुस्तक शोधा. 1990 साली रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी लिहिलं होतं की मुलांची पुस्तकं दुसऱ्यांचं जग दाखवणाऱ्या खिडक्या असतात आणि आपल्यालाच आपण दिसतो असे आरसेही. त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांबद्दल बोलत होत्या, पण तुमची पंचाईत नेमकी तीच आहे: वर्गासाठी जी खिडकी, तोच तुमच्या मुलासाठी आरसा. खिडकीतून बरं दिसतं म्हणून वाकडा आरसा चालवून घ्यायचा नाही.

घेण्याआधी पुस्तक नुसतं चाळा, शब्द न वाचता. चित्रात तो मुलगा कुठे आहे? कायम कोपऱ्यात, पाठमोरा, कान झाकलेला, की कधी चारचौघांच्या मधोमध हसतानाही? मग वाचा. 'मी' कोण म्हणतंय? पुष्कळ पुस्तकांत त्याची बहीण किंवा मित्र गोष्ट सांगतो आणि त्याला स्वतःला काय हवंय ते शेवटपर्यंत कळत नाही. लिहिणारी व्यक्ती स्वतः ऑटिस्टिक असेल तर ते पुस्तक आधी उघडा.

आणि शेवटी कोण बदललंय ते बघा. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांसाठीच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातली ज्युलिया ही ऑटिस्टिक बाहुली 2015 साली आधी चित्रगोष्टीत आली, 2017 मध्ये पडद्यावर. पडद्यावरच्या पहिल्या भागात पकडापकडी खेळताना ती उड्या मारायला लागते. तिला कुणी 'नीट खेळ' म्हणत नाही. बाकीचेही उड्या मारत खेळतात. मला तेवढा एक प्रसंग तुमच्या पुस्तकातल्या सगळ्या स्पर्धेपेक्षा मोलाचा वाटतो. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक 2012 पासून तेच मांडताहेत: समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंनी असते, एकट्या ऑटिस्टिक माणसाची नव्हे. ज्या पुस्तकात वर्ग काहीच शिकत नाही, नुसता 'सांभाळून घेतो', ते परत ठेवा.

मनासारखं मिळालं की आधी त्याला वाचून दाखवा, आणि वाचताना पुस्तकाकडे कमी, त्याच्या हातांकडे जास्त लक्ष ठेवा.

बाईंशी एक मात्र आधीच ठरवा. गोष्ट संपली की पोरं टाळ्या पिटणार, आणि बंद खोलीतला तो कडकडाट कदाचित त्याला सोसणार नाही. कर्णबधिर मंडळी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवतात. बाईंनी वर्गाला तेच शिकवावं. कसे हलवायचे, हे तुमचा लेक दाखवेल.