जुनापाणीची शिळावर्तुळं पाहावीत का, आणि तिथला दगड आणावा का?

विचारलंय की इंदूरहून नागपूरला जातोय, काटोल रस्त्यावरची 'दगडांची वर्तुळं' मुलांना दाखवण्यासारखी आहेत का, आणि एखादा दगड आठवण म्हणून आणला तर चालेल का?

जरूर दाखवा. दगड मात्र आणू नका.

ती महापाषाणयुगीन, म्हणजे मोठ्या शिळा मांडून मृतांना पुरण्याच्या काळातली दफनं आहेत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. मोठ्या शिळा गोल मांडायच्या आणि आतली जागा दगडगोटे नि मातीने भरायची, अशी रचना. जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळं नोंदली गेली आहेत. उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी मातीची भांडी मिळाली. शिवाय घोड्याच्या तोंडातला लोखंडी लगामही. म्हणजे ही माणसं घोडे बाळगणारी! काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, ते मुलांना शोधायला लावा. आमच्या पोरांनी तासभर दुसरं काही केलं नाही.

लांबून मात्र शेतातला दगडांचा ढिगारा वाटतो, म्हणूनच लोक सहज एखादा उचलतात. पण कोणता दगड कुठे होता, हाच तिथला पुरावा; जागा हलली की तो गेला. शिवाय स्मारक संरक्षित आहे. प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्यानुसार नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

उन्हाळ्यात जाऊ नका, सावली फार कमी. दिवाळीनंतर सकाळी जा.